पाण्यातला रोबो बनवताय? आधी केबल पाण्यात तोलून बघा

पाण्याखालचा रोबो करायला घेतलेल्या पोरांचा सगळा जीव मोटर, कॅमेरा आणि प्रोग्रॅममध्ये अडकलेला असतो. काठापासून यंत्रापर्यंत जाणाऱ्या केबलचा नंबर शेवटी, तीही दुकानात मिळेल ती. मग शेततळ्यात यंत्र सोडलं की ते जागच्या जागी फिरत बसतं, तळाशी केबलची वेटोळी साचतात आणि खापर मोटरवर फुटतं. मी नाशिकमध्ये इंजिनिअरिंग करताना या नादाला लागलो, आता टाक्या आणि जलाशयांच्या पाण्याखालच्या पाहणीची कामं करतो. हाताखाली शिकायला कुणी आलं की त्याच्या हातात आधी केबलच देतो.

केबल किती जड होणार हे खरं तर बॅटरी कुठं ठेवता त्यावर ठरतं. बॅटरी काठावर ठेवून १२ व्होल्ट खाली पाठवायचे तर जाड तांबं लागतं. नेटवर्क केबलमधल्या २४ गेजच्या तारेचा रोध मीटरला ०.०८ ओहमच्या थोडा वर असतो. २० मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन ४० मीटर तार, म्हणजे एका जोडीत तीन ओहमहून जास्त. त्यातून ५ अँपिअर न्यायचे म्हटले तर गणितानं १६-१७ व्होल्ट वाटेतच पडतात, आणि आपल्याकडं आहेत १२! तार जाड करावी तर तांबं पाण्याच्या जवळपास नऊपट जड. म्हणून मी बॅटरी यंत्रातच घेतो आणि वर फक्त सिग्नलची बारीक केबल आणतो. यंत्रातल्या बॅटरीच्या डब्याचं सील भरवशाचं होईपर्यंत बॅटरी काठावर ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, फक्त जास्त फोम बांधायची तयारी ठेवा. घरातली २३० व्होल्टची लाइन मात्र पाण्याच्या आसपाससुद्धा आणायची नाही.

आता तोलण्याचं काम. याला प्रयोगशाळा लागत नाही, एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. केबलचा बरोबर एक मीटर तुकडा कापा, दोन्ही टोकांना अराल्डाइट लावून वाळू द्या आणि कोरडं वजन लिहून ठेवा. मग पाणी भरलेलं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. तुकड्याची गुंडाळी दोऱ्यानं वरून टांगून पूर्ण बुडवा, पण भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढ्या वजनाचं पाणी केबलनं बाजूला सारलं. कोरड्या वजनातून तो वजा केला की केबलची मीटरमागं 'बुड', म्हणजे पाण्यात उरणारं वजन, हातात येतं. गुंडाळीला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटानं झटका, नाहीतर आकडा फसवा येतो.

५ मिमी जाडीची गोल केबल मीटरला साधारण २० ग्रॅम पाणी सारते. तिचं कोरडं वजन ३० ग्रॅम भरलं तर मीटरला १० ग्रॅम बुड, म्हणजे ३० मीटरला ३०० ग्रॅम. छोट्या मोटरला एवढं ओझं नकोसं होतं.

ही बुड भरून काढायला थर्माकोल वापरू नका, त्याचे दाणे सुटून तळंभर पसरतात. गादीचा स्पंज तर पाणी पितो. आतले कप्पे बंद असलेला फोम हवा. काचेच्या दर्शनी भिंती बसवणारे कारागीर सिलिकॉन भरण्याआधी फटीत फोमची दोरी घालतात, तिला बॅकर रॉड म्हणतात. १० मिमीची रॉड मीटरला जवळपास ७५ ग्रॅम उचल देते. वरच्या केबलला मीटरमागं साधारण १३ सेंटिमीटर रॉड पुरते, म्हणजे दर अर्ध्या मीटरला साडेसहा सेंटिमीटरचा एक तुकडा. अख्ख्या लांबीला रॉड बांधली तर केबल वर तर येतेच, शिवाय जाडी वाढल्यानं पाण्याचा अडथळाही वाढतो. तुकडे फार लांब-लांब बांधले तर मधल्या भागात झोळ पडतो.

आपल्याकडं द्राक्षबागांमुळं ठिबकची १६ मिमीची लॅटरल नळी हाताशी असते. तिचे तुकडे दोन्ही टोकांना बंद करून बांधायची कल्पना प्रत्येक नव्या टीमला सुचते. दहा सेंटिमीटरचा तुकडा १५ ग्रॅमच्या आसपास उचलतो, हिशोब चोख आहे. पण बारीकशी गळती झाली की उचल गेली, आणि वीस तुकड्यांतला कुठला भरला ते शोधत बसायचं. फोम कुठंही कापा, फरक पडत नाही.

बांधायला नायलॉनचा दोरा घ्या. इन्सुलेशन टेपचा गोंद भिजून सुटतो. केबल टाय करकचून आवळला की फोम चेपतो आणि तेवढी उचल कमी होते.

सगळीकडं केबल अगदी समतोलच, म्हणजे ना बुडणारी ना तरंगणारी, हवी असं नाही. तळाशी गाळ असेल तर मी ती किंचित तरंगती ठेवतो. गंगापूर धरणासारख्या बोटी फिरणाऱ्या पाण्यात किंचित बुडती बरी, नाहीतर ती बोटीच्या पंख्यात जायची. धरणात यंत्र सोडायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, हे सुट्टीच्या उत्साहात विसरू नका. यंत्राजवळचे एक-दोन मीटर मात्र नेहमी समतोल, म्हणजे केबल मोटरच्या पात्यांपासून लांब राहते.

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. मऊ फोम तिथं आकसतो आणि वर समतोल असलेली केबल खाली बुडू लागते. शेततळ्यात हे फारसं जाणवत नाही, खोल विहिरीत जाणवतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. पाच लिटर पाणी सारणारं यंत्र नाशकात समतोल करून मालवणला नेलं तर त्याला सव्वाशे ग्रॅम शिसं जास्त लागेल.

चाचणीला शेततळं उत्तम, पण मालकाला विचारून. "पोरांनो, पेपराला भोक पडलं तर माझं अख्खं पाणी जाईल," असं एका काकांनी बजावलं होतं, तेव्हापासून यंत्राचे सगळे कोपरे घासून गोल करतो. शेततळ्यात अंथरलेला तो प्लास्टिकचा पेपर ओला झाला की पाय ठरत नाही, पडलेला पोहणारासुद्धा चढून येऊ शकत नाही. लाइफ जॅकेट, काठावर बांधलेला दोर आणि सोबत दुसरा माणूस, एवढं असल्याशिवाय कडेला जायचं नाही.

या कामात पुढं जायचं असेल तर नाशिक वाईट जागा नाही. 'मेरी' ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि राज्याची धरण सुरक्षितता संघटना इथंच आहेत. खोल समुद्राची ओढ असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडं बघा, सहा हजार मीटर खोलीसाठीचं रोसब ६००० हे यंत्र त्यांचंच. मुलाखतीला जाताना व्हिडिओ न्याच, सोबत केबलच्या वजनांची वही न्या. मी मुलं निवडतो तेव्हा वही आधी उघडतो.