इकालुइटला जाताय? आधी भरती-ओहोटी पाहा

कॅनडाच्या नुनावुत या प्रदेशाची ही राजधानी. वस्ती जेमतेम साडेसात हजार, आणि बाहेरून येणारा रस्ताच नाही; ओटावाहून विमानाने सुमारे तीन तास. बर्फ आणि भरपूर उजेड दोन्ही हवे असतील तर एप्रिल गाठा. तेव्हा ‘टूनिक टाइम’ महोत्सवही असतो. पायी भटकायचं असेल तर जुलै-ऑगस्ट. सिल्व्हिया ग्रिनेल उद्यान विमानतळापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मच्छरांसाठी जाळीची टोपी मात्र न्याच.

खरी काळजी समुद्राची. गावालगतच्या फ्रोबिशर उपसागरात भरतीचं पाणी दहा मीटरहून जास्त चढू शकतं, म्हणजे तीनमजली घराएवढं! त्यामुळे हिवाळ्यातही किनाऱ्यालगतचा बर्फ फुटत, सरकत राहतो. फोटोच्या मोहाने एकट्याने त्यावर उतरू नका. बर्फावर किंवा बोटीतून जायचं तर स्थानिक इनुइट (तिथले मूळ रहिवासी) वाटाड्याच घ्या. पांढऱ्या अस्वलांचीही माहिती त्यालाच असते.

दगडातलं कोरीवकाम घेताना ‘इग्लू टॅग’ बघा, ती अस्सल इनुइट कामाची खूण. वॉलरसचे सुळे किंवा सीलचं कातडं मात्र परवान्याची नीट चौकशी केल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर सीमेवर जप्त होईल.

किराणा माल विमानाने येतो, भाव ऐकून घाम फुटतो. शाकाहारी असाल तर मेतकुटाची पुडी बॅगेत टाकाच. आभार मानायला तिथला शब्द: कुयान्नामीक.