गाडीतली फीचर्स नुसती मोजू नका, घरच्यांना लावून घ्या

शोरूममधून नवीन गाडी निघाली की पुण्यात ती साधारण दोन ठिकाणी जाते, आधी सारसबागेचा नाहीतर दगडूशेठचा गणपती आणि मग ॲक्सेसरीजचं दुकान. पहिल्याबद्दल काही म्हणणं नाही. दुसरीकडे मात्र सहा एअरबॅगसाठी वरचं मॉडेल घेतलेली गाडी तासाभरात चार एअरबॅगची होऊन बाहेर पडते आणि त्याचं बिलही आपणच भरून येतो.

होतं काय, तर साइड एअरबॅग बऱ्याचशा गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला बसवलेली असते, तिथे शिवणीजवळ छोटासा टॅगपण असतो, आणि बाजूने धडक बसली की ती बॅग तीच शिवण उसवून बाहेर येते. त्यावर जाड रेक्झिनचं मापात शिवलेलं घट्ट कव्हर चढवलं तर ती येणार कुठून? दुकानदार म्हणणार काही होत नाही साहेब, सगळेच लावतात. सगळे लावतात हे खरंच आहे. कव्हर हवंच असेल तर त्या बाजूला मोकळं ठेवलेलं, गाडीच्या कंपनीनेच त्या मॉडेलसाठी दिलेलं घ्या, नाहीतर कंपनीच्या सीटवर तसंच बसा, कापड मळलं तर धुता येतं.

तीच गोष्ट डॅशबोर्डची. डाव्या बाजूला जिथे एअरबॅग असं कोरलेलं असतं ते नुसतं झाकण आहे, धडकेत ते फाटून पापणी लवायच्या आत बॅग बाहेर येते, त्यामुळे तिथे डबल टेपने चिकटवलेली मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाईलचा स्टँड यातलं काहीही नको. बाप्पा हवाच असेल तर छोटं हलकं स्टिकर मध्यभागी लावा. आणि लोणावळ्याला जाताना पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर पाय टाकायची जी फॅशन आहे ती तर बघवतच नाही, बॅग उघडली तर गुडघे थेट तोंडावर येतील. गाडीच्या बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवणाऱ्यांसाठी एवढंच, की केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच ते बेकायदेशीर असल्याचं राज्यांना कळवलंय.

आता बेल्ट. बऱ्याच जणांना वाटतं एअरबॅग आहेत ना मग बेल्ट कशाला, पण एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला दिलेली आहे, बेल्ट नसेल तर बॅग उघडायच्या वेळी माणूस आधीच पुढे फेकला गेलेला असतो आणि उघडणारी बॅगच त्याच्या तोंडावर आदळते. भारत एनकॅप म्हणजे गाड्या धडकवून त्यांना सुरक्षेचे स्टार देणारी आपल्याकडची चाचणी, ती ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, तिथे जे पाच स्टार मिळतात ते बेल्ट बांधलेल्या पुतळ्यांच्या जिवावर मिळतात, आणि लहान मुलांचे मार्क मिळतात ते दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवून. आपण ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातो त्या एआरएआयकडेही, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडेही, या चाचण्या होतात. म्हणजे पाच स्टारची गाडी घेऊन बेल्ट न लावणाऱ्याकडे किती स्टार उरले ते ज्याचं त्याने ठरवावं.

बेल्ट लावायचीही पद्धत आहे. खालचा पट्टा पोटावरून नाही, कमरेच्या हाडावरून, खाली खेचून घट्ट. वरचा पट्टा खांद्याच्या मधून छातीवरून. गरोदर बाईनेही लावायचाच, फक्त खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा. थंडीत जाड जर्किन घातलं असेल तर त्याची चेन उघडून बेल्ट आतून घ्या. आजी म्हणतात गळ्याला काचतं आणि पट्टा काखेखालून घेतात, तसं केलं तर धडकेत बरगड्या मोडतात, त्यापेक्षा बऱ्याच गाड्यांत दाराशेजारच्या खांबावर पट्टा वरखाली करायचं बटण असतं ते दाबून पट्टा जरा खाली सरकवा, तक्रार तिथेच मिटते. हे बटण घरोघरी गाडी विकेपर्यंत कोणी हलवलेलं नसतं!

मागे बसणाऱ्यांचं अजूनच अवघड. मागच्या सीटच्या कव्हरखाली बक्कल गडप झालेली असतात, एकदा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसून ती तिन्ही बाहेर काढा आणि प्रत्येक बेल्ट लावून बघा. मागेही बेल्ट सक्तीचाच आहे, न लावल्यास कायद्याने हजार रुपये दंड. पण दंड राहू द्या. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट नव्हता हे तेव्हा पेपरात सगळ्यांनी वाचलं, आठवडाभर सगळ्यांनी मागे बेल्ट लावले आणि मग परत जैसे थे. मागचा माणूस मोकळा असेल तर तो पुढच्या सीटवर आदळतो, म्हणजे पुढे बेल्ट लावून शहाण्यासारखा बसलेलाही त्याच्यामुळे जातो. आणि बेल्ट न लावल्यावर वाजणारं ते टणटण बंद करायला बक्कलमध्ये नुसती क्लिप अडकवतात ना, ती असेल तर आजच कचऱ्यात टाका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या होत्या.

लहान मूल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं नाही, कितीही रडलं तरी. धडकेत दहा किलोचं बाळ काही शे किलोच्या जोराने हातातून सुटतं, कुठलीही आई धरू शकत नाही. चाइल्ड सीट मागेच लावायची. मागच्या सीटच्या बैठकीत आणि पाठीत जी फट असते तिथे बोटं घातली की लोखंडी कड्या लागतात, ते आयसोफिक्स, त्यात सीटचे हुक कट्ट आवाज येईपर्यंत ढकलायचे आणि वरचा पट्टा असेल तर तो सीटच्या मागच्या हुकात. नंतर सीट धरून जोरात हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलली तर बसलेली नाही. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, निदान सव्वा वर्षाचं होईपर्यंत, सीटच्या वजनमर्यादेत असेल तर त्यापुढेही. उलट्या तोंडाची सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीच नाही, उन्हाच्या झडपेवर त्याचं स्टिकर असतं ते यासाठीच. थोडं मोठं झालं की बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, आणि मुलाची पाठ सीटला टेकवून गुडघे सीटच्या कडेवर वाकत असतील आणि पट्टा गळ्यावर न येता खांद्यावर येत असेल तेव्हाच नुसता बेल्ट. पहिल्या दिवशीच कोकणात निघालात तर मूल खंडाळ्यापर्यंतसुद्धा सीटमध्ये टिकणार नाही, आधी आठवडाभर भाजी आणायला, आजोळी जायला तिच्यातच बसवा. आणि सनरूफमधून मुलांना उभं करून एफसी रोडने फिरवणारे जे बाबा असतात त्यांना काय सांगावं, एक करकचून ब्रेक पुरे.

चाइल्ड लॉक मागच्या दाराच्या कडेला असतं, छोटी खटकी. ते लावलं असेल तर आजोबांना आतून दार उघडणार नाही आणि ते आत बसून हँडल ओढत राहतील, तेव्हा त्यांना आधी सांगून ठेवा. गुडघेदुखी असलेल्यांनी बसताना आधी पाठमोरं होऊन सीटवर बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, उतरताना उलट. बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटची उंची वाढवता येते, ती थोडी वर घेतली तर उठायला सोपं जातं.

एका गाडीचे दोन-तीन ड्रायव्हर असतील तर प्रत्येकाने बसल्यावर आधी सीट लावायची, गाडी सुरू नंतर. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहायला हवा, पाठ टेकून हात सरळ केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं, आणि छाती ते स्टिअरिंग वीतभरापेक्षा जास्त, साधारण २५ सेंटिमीटर अंतर हवं. हेडरेस्ट हे मान टेकवून झोपायला नाहीये, मागून धडक बसली की मान मागे झटकू नये म्हणून आहे, त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाला आली पाहिजे, निदान कानाच्या वर. बहुतेकांचं ते शोरूममधून आलं तसं तळाला बसलेलं असतं. आणि मानेची जी मऊ उशी लावतात तिने डोकं पुढे ढकललं जातं, ती काढा. बाजूच्या आरशात आपल्याच गाडीचं दार अर्धं दिसत असेल तर आरसा बाहेर वळवा, कड जेमतेम दिसली की बास, नाहीतर कर्वे रोडवर डावीकडून येणारी स्कूटी दिसणारच नाही.

पावसाळ्यात काच आतून धुरकट झाली की लोक फडक्याने पुसत बसतात. एसी चालू करा, काचेवर हवा जाणारं बटण दाबा आणि हवा बाहेरची घ्या, आतलीच फिरवू नका. एसी हवेतला ओलावा काढतो, पावसाळ्यात त्याचं हेच काम. धुकट बाहेरून आलं असेल तर काच जास्त थंड झालीय, वायपर फिरवा आणि एसी कमी करा. कात्रजच्या बोगद्यात किंवा ट्रकच्या मागे अडकलात तर आतली हवा फिरवायचं बटण, बाहेर पडलात की परत बाहेरची, कारण पाच जण बसून तासभर आतलीच हवा फिरवली की ड्रायव्हरला पेंग येते आणि त्याला वाटतं जेवण जड झालं. उन्हात तापलेल्या गाडीत आधी चारही काचा खाली, दोन मिनिटं चालवा, मग एसी.

एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत एकदम ब्रेक मारायची वेळ आली तर पाय जोरात दाबायचा आणि तसाच धरून ठेवायचा. पायाखाली थरथर होते, करकर आवाज येतो, लोक घाबरून पाय काढतात, तिथेच घोळ होतो. जुन्या गाडीसारखं पंप करायचं नाही. चाकं लॉक होत नाहीत म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते, एबीएसचा खरा फायदा तो. गाडी हमखास कमी अंतरात थांबेल असं मात्र नाही, खडीवर उलट जास्त अंतर लागू शकतं.

घाट उतरताना न्यूट्रल नाही. दिवेघाट असो, खंबाटकी असो किंवा नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडचा तो उतार. आताच्या इंजिनांत गिअरमध्ये पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंद होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतंच, म्हणजे वाचत काही नाही आणि सगळा भार ब्रेकवर, ते तापले की धरत नाहीत. दुसरा-तिसरा गिअर ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारं बटण, पावसात आणि घाटात बंद. ॲडासची, म्हणजे कॅमेऱ्याने समोरचं बघून ड्रायव्हरला मदत करणारी गाडी असेल तर हे धरून चाला की शहरात कोणीही मध्ये घुसलं की ती स्वतःहून ब्रेक मारणार आणि मागचा टू-व्हीलरवाला तुमच्यावर येणार, म्हणून तिची सेटिंग एकदा वाचून घ्या, आणि पुढची काच बदलली तर कॅमेरा परत कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे नीट जुळवून घेतल्याशिवाय, गाडी ताब्यात घेऊ नका.

जोरदार पावसात एक्सप्रेसवेवर चारही इंडिकेटर लावून चालणारे बघितलेत ना? लेन बदलायचीय की बंद पडलीय, मागच्याला काही कळत नाही. ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत, पावसात नुसता लो बीम लावा. आणि स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली शून्य ते तीन आकड्यांचं छोटं चाक असतं, ते हेडलाइटचं. मागे तिघं आणि डिकी भरलेली असेल तर गाडी मागून बसते आणि लाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो, तो आकडा वाढवला की खाली येतो. माणसं उतरली की परत शून्य.

हापूसच्या पेट्या डिकीत तळाला, मागच्या सीटला टेकवून. वरच्या ट्रेवर काही नाही, तिथली छत्री ब्रेक मारला की मागच्याच्या डोक्यात. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली नको, ती घरंगळत ब्रेकखाली गेली तर संपलं. मॅटवर दुसरं मॅट नको, आणि आहे ते हुकात अडकवलेलं हवं.

हवा भरणारा मुलगा विचारणार, पस्तीस ना? आकडा त्याला विचारायचा नाही, ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतं त्यावर तुमच्या गाडीचा आकडा आहे, पूर्ण भरलेल्या गाडीचा बऱ्याचदा वेगळा असतो, निघायच्या आधी तोच सांगा. हवा टायर गार असताना, म्हणजे घराजवळच, दोन-तीन किलोमीटरच्या आत भरा. स्टेपनीची हवापण बघा, ती लहान मापाची असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात, तो टायर कधी बनला ते सांगणारे, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, म्हणजे ३२२१ असेल तर २०२१ चा बत्तिसावा आठवडा. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा पाचही टायरचे हे आकडे वाचून घ्या, नवीन टायर टाकलेत म्हणणाऱ्याला उत्तर तिथेच मिळतं.