कच्च्या रस्त्यावर यामाहा आरएक्स १०० बाइक बंद पडायची: माझा अनुभव

डांबरी रस्त्यावर गाडी मक्खन. पण ताम्हिणी घाटाकडच्या दगडधोंड्यांच्या वाटेला लागलं की दोन-तीन किलोमीटरवर भुर्रभुर्र करून बंद. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या किकला चालू!

प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला, मेकॅनिकनं कॉइल बदलली. पैसे गेले, दुखणं तिथंच.

शेवटी कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडली आणि गाडी जोरात हलवली. जाड धार पाहता पाहता थेंबांवर आली. टाकीच्या तळाचा गंज धक्क्यांनी उसळून कॉकच्या (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या) जाळीला चिकटत होता, थांबलं की खाली बसत होता. (टाकी पावसाळाभर अर्धी रिकामी ठेवून आत दमट हवेनं गंज धरू देणारा मीच.)

मग टाकी काढून पूर्ण रिकामी केली आणि पेट्रोलचा वास जाईपर्यंत उघडी ठेवली. कॉक काढून भोक रबरी बुचानं बंद केलं. मूठभर नट मोजून टाकले, थोडं पाणी घालून दहा मिनिटं खुळखुळवलं. नट मोजूनच बाहेर काढा, एक हमखास अडकतो. नंतर काठोकाठ पांढरं व्हिनेगर, २४ तास. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, दोनदा साधं पाणी, लगेच हेअर ड्रायरची हवा. उशीर केलात तर तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो. कोरडी होताच थोडं टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल आत फिरवलं. कॉकला नवा वायसर, नळीत पारदर्शक फिल्टर.

त्यानंतर त्याच वाटेवर चार फेऱ्या झाल्या, एकदाही बंद नाही. फिल्टरमध्ये मात्र चिमूटभर लाल भुकटी दिसली, तो बदलला.