आधी हॉल बघा, मग पिंटरेस्ट उघडा

मी नवरीला नऊवारी नेसवते आणि केस करते. राहायला परळला, कामं दादर, गिरगाव, पार्ले, कधी पार डोंबिवलीपर्यंत. ट्रायलला मुलगी आली की पर्समधून आधी फोन निघतो. फोनात पिंटरेस्टचा बोर्ड, म्हणजे आवडलेले फोटो जमवून ठेवायची जागा, आणि त्यावर शेकड्यांनी फोटो. "यातलं नेमकं काय हवंय?" विचारलं की मुलगी आईकडे बघते, आणि आई म्हणते, "अहो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच बघत बसते."

बोर्ड वाईट नाही. माझी तर सोयच होते. "फार भडक नको, पण उठून दिसायला हवं" यावरून मला काही कळत नाही, एका फोटोवरून कळतं. पण त्याचा ताप व्हायला नको असेल तर पहिलं काम फोन पर्समध्ये ठेवून करायचं: हॉल बघून यायचं. स्टेज किती रुंद, छत किती उंच, खांब कुठे, बाहेरचा डेकोरेटर चालतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, हॉल आपल्या ताब्यात किती वाजता मिळणार. मुंबईतले बरेच हॉल सकाळी एका पार्टीला आणि संध्याकाळी दुसऱ्या पार्टीला देतात. सकाळच्या वऱ्हाडाची पंगत उठत असते आणि संध्याकाळच्या रिसेप्शनची फुलं खाली टेम्पोत ताटकळत असतात. डेकोरेटरच्या हाती उरतात दोन-तीन तास. उदयपूरच्या महालातला, छतापासून लोंबणारा फुलांचा मांडव तेवढ्यात कसा उभा राहणार? हे एकदा डोक्यात बसलं की तसले फोटो बघून जीव कासावीस होत नाही. छान आहे म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

मुहूर्ताचंही तेच. गोरज मुहूर्त असेल तर गोष्ट वेगळी. भर दुपारी, मे महिन्यात, एसी हॉलच्या ट्यूबलाइटखाली लग्न लागणार असेल तर मावळतीच्या उजेडातल्या नवऱ्या जमवून उपयोग काय?

आता बोर्ड. तयार करतानाच तो सीक्रेट करून टाका. फार तर एकीला आत घ्या, बहिणीला किंवा जिच्यासमोर न लाजता "हे मला अजिबात आवडलं नाही" म्हणता येतं तिला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका. टाकलात की आत्या विचारणार "केवढ्याला?", मामी तिच्या भाचीच्या लग्नातले फोटो पाठवणार, आणि तुम्ही नुसत्या बघत होतात ती गोष्ट रात्रीपर्यंत ठरलेली असणार.

बोर्डाचे सेक्शन बहुतेक मुली साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन असे पाडतात. मी सांगते, ज्याच्या हातून काम होणार त्याच्या नावाने पाडा: शिंपी, नेसवणारी, मेंदीवाली, डेकोरेटर, फोटोग्राफर. मग ज्याच्याकडे जायचं त्याचा एकच सेक्शन उघडायचा. शिंप्याला मांडवाचे फोटो बघायचे नसतात आणि मला केकचे. एकेका सेक्शनमध्ये तीन-चार फोटो पुरतात. नवा आवडला तर जुन्यातला एक काढायचा.

आणि प्रत्येक फोटोखाली नोट लिहा. पिनवर, म्हणजे बोर्डावर ठेवलेल्या फोटोवर, स्वतःपुरती नोट लिहायची सोय आहे, ती कुणी वापरत नाही. "सुंदर" असं लिहू नका. "फक्त बाही", "फक्त गजऱ्याची जागा", "रंग हा, काठ हा नव्हे" असं लिहा. नोट सुचत नसेल तर बहुधा त्या फोटोतली मुलगीच तुम्हाला आवडली आहे, तिची साडी किंवा केस नव्हेत. तो फोटो काढून टाका.

माझ्या कामातलंच एक सांगते. हल्ली हमखास येणारा फोटो म्हणजे कपाळभर माथापट्टी, मधोमध मोठा टिक्का, केस मोकळे. उत्तरेकडच्या नवरीला तो साज शोभतो. पण आपल्याकडे अंतरपाटापुढे उभं राहायचं तर मुंडावळ्या बांधायच्या, आणि त्यांची दोरी नेमकी त्याच कपाळावरून जाते. टिक्का खाली दबतो, मोत्यांचे सर त्यात अडकतात, गुरुजी मंगलाष्टकांना सुरुवात करतात आणि करवली नवरीचं कपाळ सोडवत बसते. वर मोकळ्या केसांवर अक्षता पडल्या की त्या वेचायला वेगळं माणूस लागतं. तो फोटो ठेवा, पण रिसेप्शनला. लग्न लागताना खोपा किंवा आंबाडा, कपाळ मोकळं, आणि नथ व चंद्रकोर पुरे.

फोटो खरा आहे का, हेही बघायला शिका. आता एआयने बनवलेल्या नवऱ्या ढिगाने येतात. पिंटरेस्ट काहींवर तशी खूण दाखवतं, पण सगळ्या पकडल्या जातातच असं नाही. मी आधी नथ बघते. आपली नथ डाव्या नाकपुडीत असते. उजवीकडे दिसली तर फोटो उलटा झालेला असतो, नाहीतर बनवलेला असतो. मग काष्टा बघते. समोर निऱ्या झकास, पण काष्टा मागे कुठे खोचलाय याचा पत्ताच नाही, काठ मध्येच नाहीसा. अशी साडी कुणालाच नेसवता येत नाही. ती आपल्याला जमत नाही म्हणून मुली खट्टू होतात, याचं मला वाईट वाटतं.

पैठणीचा फोटो रंगापुरताच धरा. दुकानात पदर उलटा करून बघा: हातमागाच्या पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मागे धाग्यांचं जंजाळ असेल तर ती यंत्रावरची. फोटोत ही मागची बाजू कधीच नसते.

फुलांसाठी एक दिवस पहाटे दादरच्या फुलबाजारात जा, स्टेशनला लागूनच आहे. लग्न ज्या महिन्यात असेल, शक्य झालं तर आदल्या वर्षी त्याच महिन्यात. विलायती पिओनींचे फोटो घेऊन गेलात तर फुलवाला हसेल, बाकी काही नाही. शेवंती, झेंडू, निशिगंध, गुलाब, अष्टर यांतलं काय ताजं आणि आवाक्यात आहे ते डोळ्यांनी बघा, तुमच्या बोर्डावरचा रंग त्यात शोधा. मोगऱ्याचा खरा मोसम उन्हाळा. डिसेंबरच्या लग्नाला मोगऱ्याचे भरगच्च गजरे हवे असतील तर दर ऐकायची तयारी ठेवा, किंवा शेवंतीची वेणी घाला. ती खोप्यावर मस्तच दिसते.

फोटोग्राफरला पोझचे फोटो देऊ नका, माणसांची यादी द्या. मोठ्या मामांचा फोटो राहिला तर पुढची वीस वर्षं ऐकावं लागतं.

बघायची वेळ? अंथरुणात नको. लोकलमध्ये बघा, दादर आलं की उतरावंच लागतं.

आणि ज्या कामाचा अ‍ॅडव्हान्स दिला, त्याचा शोध त्याच दिवशी बंद. ठरलेला एक फोटो नोटसकट त्या माणसाला पाठवा, बाकीचे त्या सेक्शनमधून काढून टाका. सगळंच ठरलं की अख्खा बोर्ड अर्काइव्ह करा, म्हणजे त्याच्यावरून नवीन सुचवणं थांबतं. होम फीडच्या सेटिंगमध्ये जाऊन लग्नाचे विषयही बंद करता येतात. हे केलं नाही तर ब्लाउज शिवून आल्यावरही रोज सकाळी त्याहून बरी बाही समोर येत राहते.

माझ्याकडे ट्रायल झाली की मी केसांचा आणि साडीचा फोटो काढून ठेवते. लग्नाच्या आदल्या रात्री कुणी नवीन फोटो पाठवला तर मी बघते, "छान आहे गं" म्हणते, आणि सकाळी ट्रायलला ठरलं होतं तेच करते. बटणांचा शर्ट घालून या तेवढं, झालेल्या केसांवरून टीशर्ट काढता येत नाही.