बेळगावात राहून एनर्जी मॅनेजरचं प्रमाणपत्र चालू कसं ठेवायचं

हॉस्पिटल, हॉटेल किंवा कॉलेजची प्लांट रूम, म्हणजे यंत्रांची खोली, सांभाळत ऊर्जा दक्षता ब्युरोची, म्हणजे बीईईची, एनर्जी मॅनेजर परीक्षा पास होणं सोपं नाही. तीन पेपर, शिवाय रोजची ड्युटी. इतक्या कष्टाने मिळवलेलं प्रमाणपत्र मुदत संपल्यामुळे हातचं जाऊ नये. ते पाच वर्षांसाठी असतं, आणि दर पाच वर्षांतून एकदा ब्युरोने ठरवलेलं रिफ्रेशर प्रशिक्षण घेतलं तरच पुढे चालतं.

आजच प्रमाणपत्र काढा आणि त्यावरची तारीख बघा. मुदतीच्या वर्षभर आधीची आठवण मोबाईलमध्ये लावून ठेवा.

मग कागद. आपल्या सीमाभागात ही खरी डोकेदुखी आहे. शाळेच्या दाखल्यावर मराठी पद्धतीने स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असतं, तर दुसऱ्या कागदावर नुसती आद्याक्षरं. आधार, पदवी किंवा डिप्लोमा आणि बीईईचं प्रमाणपत्र शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर नोंदणीच्या आधीच दुरुस्तीला लागा, त्यात महिने जातात. पत्त्यातल्या 'बेळगाव' आणि २०१४ नंतरच्या 'बेळगावी'ची तेवढी काळजी करू नका, नाव मात्र जुळलंच पाहिजे.

कुठला कोर्स कशात धरला जातो, हे पैसे भरण्याआधी तपासा. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन, कोर्स घरबसल्या शिकायला उत्तम आहेत, पण ते बीईईच्या रिफ्रेशरची जागा घेत नाहीत. तुमच्याकडे लीड या हरित इमारत मानांकनाचं 'ग्रीन असोसिएट' प्रमाणपत्रही असेल तर तिथला हिशेब वेगळा: दोन वर्षांत शिक्षणाचे १५ तास, त्यातले ३ खास लीडचे. त्याच्या वरच्या 'लीड एपी' स्पेशालिटी प्रमाणपत्राला ३० तास, त्यात ६ लीडचे. ते तास आपल्या खात्यात स्वतः नोंदवावे लागतात.

रिफ्रेशरसाठी बाहेरगावी जावं लागलं तर बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर, पुणे त्याहून बरंच जवळ. म्हणून साहेबांकडे लेखी अर्ज आधीच द्या. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ नुसार 'डेझिग्नेटेड कन्झ्युमर', म्हणजे सरकारने नेमून दिलेला मोठा ऊर्जा ग्राहक, ठरलेल्या संस्थेला एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो. तुमची संस्था त्यात असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. मग प्रशिक्षणाचे दिवस ड्युटीवर धरा, असं मागायला संकोच वाटायचं कारण नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रिफ्रेशरला रिकाम्या हाताने जाऊ नका, आपल्या इमारतीचे आकडे घेऊन जा. एसी यंत्रणेचं गरम पाणी हवेने थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरचंच बघा. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान आणि हवेचं वेट बल्ब तापमान (थर्मामीटरला ओलं कापड गुंडाळून मोजलेलं) यांतला फरक, म्हणजे अप्रोच, रोज दुपारी ठरावीक वेळी लॉगबुकात लिहा. वेट बल्ब २२ अंश आणि पाणी २६ अंश, तर अप्रोच ४. तेवढ्याच लोडवर आणि साधारण तशाच हवेत तो ७ वर गेला, तर फिलमध्ये (टॉवरमधल्या पाणी पसरवणाऱ्या थरांत) क्षार साचलेत का, नोझल तुंबलेत का, पंखा नीट हवा ओढतोय का, ते बघा. नुसतं पाण्याचं तापमान लिहून भागत नाही. आपल्या धो धो पावसात वेट बल्बच वर चढतो, पाणी त्याच्या खाली जाऊच शकत नाही, आणि टॉवर ठीक असूनही बिघडल्यासारखा वाटतो.

त्याच वहीत आपल्या वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या, बिलातले तीन आकडे दर महिन्याला उतरवा: युनिट, मॅक्सिमम डिमांड (महिन्यातली विजेची सर्वाधिक मागणी) आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामी आली त्याचं प्रमाण). वर्षाच्या एकूण युनिटला इमारतीच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने भागलं की वर्षाचा ऊर्जा निर्देशांक निघतो. बीईईचं इमारतींचं स्टार रेटिंगही याच आकड्यावर चालतं. शिकवणाऱ्यापुढे अशी वही उघडली की प्रश्न आपोआप सुचतात, आणि उत्तरं थेट आपल्या चिलरला, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, लागू पडतात.

प्रशिक्षण झालं की हजेरीचं प्रमाणपत्र आणि फीची पावती त्याच दिवशी स्कॅन करून स्वतःला मेल करा, एक प्रत ऑफिसच्या फाइलला लावा आणि पुढच्या पाच वर्षांची तारीख लगेच मोबाईलमध्ये टाका.