गाडीला वेटिंग आहे आणि डीलर वरचे पैसे मागतोय, तेव्हा काय करायचं

गाड्या कमी आणि घेणारे जास्त झाले की शोरूममधली भाषाच बदलते. डिस्काउंटचं नाव कुणी काढत नाही, उलट "किट घ्यावंच लागेल सर", "इन्शुरन्स आमच्याकडूनच", "टॉप व्हेरियंट घेताय का, लगेच देतो" हे सुरू होतं. एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स, इन्शुरन्स सोडून गाडीची किंमत) कागदावर तेवढीच असते पण ऑन-रोडचा आकडा लाख-सव्वा लाखाने फुगलेला असतो. मला जे जे विचारायला येतात त्यांना मी दोनच गोष्टी सांगतो, वरचे पैसे द्यायचे की नाही ते घरी बसून ठरवायचं, सेल्सवाल्याच्या टेबलावर नाही, आणि जो रुपया द्याल त्याची पावती घ्यायची.

ही टंचाई काही एकदाच येऊन गेली असं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, चिपवाल्यांनी ती कपॅसिटी लॅपटॉप-मोबाईलला दिली, मग २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फामुळे चिपचे कारखाने बंद पडले आणि मार्चमध्ये जपानला रेनेसास या चिप कंपनीच्या प्लँटला आग लागली. त्या सप्टेंबरात मारुतीने सांगून टाकलं की उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपासच होईल. पुढच्याच महिन्यात महिंद्राने एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं तर ५७ मिनिटांत २५ हजार बुकिंग झालं, आणि जुलै २०२२ मध्ये स्कॉर्पिओ एनला अर्ध्या तासात एक लाख. एवढ्या गाड्या बनतच नव्हत्या, मग पुढे काय होणार ते उघड होतं. २०२५ मध्ये चीनने गाडीच्या मोटरला लागणारे रेअर अर्थ मॅग्नेट अडवले, सप्टेंबरात छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि लोक पुन्हा शोरूमला धावले. आपल्या आधीच्या पिढीने तर चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेत आणि ज्याचा नंबर आधी लागला त्याला 'ऑन', म्हणजे किमतीच्या वर रोख पैसे, देऊन स्कूटर घेतलीय, म्हणजे हा प्रकार आपल्याकडे जुनाच.

तर पहिलं काम, वेटिंग खरंच आहे का ते बघणं. "सहा महिने" हा आकडा सगळ्या मॉडेलचा म्हणून सांगतात पण वेटिंग व्हेरियंट, इंजिन, गिअरबॉक्स आणि रंग यावर असतं. काळा ऑटोमॅटिक डिझेल नाही पण पांढरा मॅन्युअल पेट्रोल यार्डात उभा आहे असं सर्रास होतं. तुमच्या शहरातले दोन-तीन डीलर आणि शेजारच्या जिल्ह्यातला एखादा, सगळ्यांना फोन करून एकच प्रश्न विचारा, याच व्हेरियंटची याच रंगाची गाडी आज बुक केली तर कधी आणि स्टॉकमध्ये कुठली आहे. पुण्याच्या माणसाने साताऱ्याला, सांगलीला, नगरला विचारायला काही हरकत नाही, तात्पुरता नंबर घेऊन गाडी आणायची आणि पासिंग आपल्या आरटीओला करायचं, कागद थोडे वाढतात एवढंच. कॅन्सल झालेल्या बुकिंगच्या गाड्याही विचारा, टंचाईत त्या बऱ्याच असतात कारण लोक तीन-तीन ठिकाणी बुकिंग करून ठेवतात. "जादा दिलेत तर आठवड्यात देतो" असं ज्या गाडीबद्दल सांगतात ती बहुतेक वेळा हीच असते.

मग घरी बसून एक आकडा काढायचा, की गाडी आत्ता मिळण्याची किंमत आपल्यासाठी किती. घरात आजारी माणूस आहे, हॉस्पिटलच्या फेऱ्या आहेत, जुनी गाडी बंद पडलीय, किंवा धंदाच गाडीवर आहे, तर रोजचा ओला-उबरचा खर्च धरा, महिन्याला १५ हजार जात असतील तर सहा महिन्यांचे ९० हजार झाले, अशा माणसाने ४० हजार जास्त देऊन गाडी लवकर घेतली तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण जुनी गाडी व्यवस्थित चालतेय आणि फक्त नवीन मॉडेल सोसायटीत आपल्याकडे आधी हवं म्हणून लाखभर वर द्यायचे असतील तर थांबा. जिम्नीचं उदाहरण घ्या, जून २०२३ मध्ये १२.७४ लाखांपासून सुरू झाली, बुकिंगचा धडाका होता, वेटिंग होतं, आणि त्याच डिसेंबरात मारुतीने थंडर एडिशन काढून सुरुवातीची किंमत १०.७४ लाख केली. सहा महिन्यांत दोन लाख खाली. ज्यांनी जूनमध्ये वर पैसे दिले त्यांचं काय झालं असेल ते बघा.

थांबण्यालाही खर्च आहे हे मात्र मान्य. बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू होईल, आणि कंपन्या जानेवारीत, एप्रिलमध्ये भाव वाढवतात. म्हणून बुकिंग करतानाच विचारायचं, भाव वाढला तर मला जुनाच लागेल का, आणि हो म्हणाले तर ते ईमेलवर घ्यायचं. बुकिंगची रक्कम २१-२५ हजार असते, ती कॅन्सल केल्यावर पूर्ण परत मिळणार का आणि किती दिवसांत, हेही त्याच ईमेलमध्ये. आणि बुकिंग कंपनीच्या वेबसाईटवरून होत असेल तर तिथूनच करा, बुकिंग नंबर कंपनीकडे नोंदलेला राहतो, नाहीतर डीलरच्या वहीतला नंबर मागे-पुढे सरकायला वेळ लागत नाही.

आता कोटेशन, खरी लढाई इथेच आहे. एक कोटेशन परवाच बघितलं, मावसभावाने फोटो पाठवला होता. वरून खाली एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, टीसीएस (डीलरने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा इन्कम टॅक्स), फास्टॅग, मग "लॉजिस्टिक अँड हँडलिंग १२,५००", "एसेन्शियल किट ५८,०००", "एक्सटेंडेड वॉरंटी", "टेफ्लॉन कोटिंग", आणि शेवटी नुसतं "अदर्स ३,५००". अदर्स म्हणजे काय विचारलं तर सेल्सच्या मुलाला सांगता येईना. किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, साइड स्टेप, दरवाज्याच्या काठाला लावायच्या पट्ट्या, सीट कव्हर आणि एक परफ्यूमची बाटली, आणि सीट कव्हर ज्या व्हेरियंटला कंपनीतूनच लेदरेटची सीट येते त्यालाही! प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, ही कायद्याने लागते का डीलरला हवी म्हणून.

कायद्याने काय लागतं ते थोडक्यात सांगतो. रोड टॅक्स लागतो, महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२, २० लाखांच्या वर १३, डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. इन्शुरन्स लागतो. फास्टॅग लागतो. १० लाखांच्या वरच्या गाडीला एक टक्का टीसीएस लागतो. नंबरप्लेटचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, नवीन गाडीची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) गाडीच्या किमतीतच धरलेली असते. हँडलिंग-लॉजिस्टिक असा कुठलाही सरकारी चार्ज नाही, गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूममध्ये आलेला असतो आणि ग्राहक आयोगांनी ही रक्कम परत द्यायला लावल्याची प्रकरणं आहेत.

किट कंपल्सरी म्हणाले की शांतपणे म्हणायचं, "ठीक आहे, किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही असं मला ईमेलवर लिहून द्या." एवढंच. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल ही अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधक व्यापार प्रथा म्हणून धरलेली आहे आणि मॅनेजरला ते माहीत असतं, म्हणून लिहून कुणी देत नाही. बहुतेकदा इथे ५८ हजारांचं किट १५-२० हजारांवर येतं. तिथेच थांबायचं का पुढे ताणायचं ते तुमच्या मघाच्या आकड्यावर ठरवा, मी म्हणेन की थोडं घ्यावंच लागत असेल तर उपयोगाच्या वस्तू स्वतः निवडून घ्या, मॅट आणि मडफ्लॅप घ्या, कोटिंग नको. आणि किट लोनमध्ये टाकू नका. ६० हजार रुपये ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर ८१ हजार भरता, तोवर ते मॅट फाटून गेलेले असतात.

इन्शुरन्समध्ये सगळ्यात जास्त पैसे सुटतात आणि सगळ्यात जास्त घाबरवणंही इथेच चालतं. पॉलिसी कुणाकडून घ्यायची हे ठरवायचा हक्क तुमचा आहे, आयआरडीएआय या विमा नियामकाच्या नियमानुसार डीलर सक्ती करू शकत नाही. नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान) विमा सक्तीचा आहे, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा घेतला तरी चालतो. बाहेरून कोटेशन घेताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तोच, झिरो डेप (घसारा न कापता क्लेम), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी गेली तर बिलाची रक्कम) असे अॅड-ऑनही तेच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. "बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही" असं म्हणतील, पण कॅशलेस हे त्या विमा कंपनीचं त्या वर्कशॉपशी टायअप आहे का त्यावर ठरतं, पॉलिसी कुठून काढली त्यावर नाही. त्या कंपनीला फोन करून वर्कशॉपचं नाव सांगून विचारून घ्या. खरी अडचण वेगळीच असते, पॉलिसी काढायला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लागतो आणि तो डीलर शेवटच्या दिवसापर्यंत देत नाही, मग "उद्या पासिंग आहे सर, आता वेळ नाही" म्हणून त्यांचीच पॉलिसी गळ्यात. यावर उपाय म्हणजे बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहायचं की इन्शुरन्स मी स्वतः काढणार आहे, गाडी अलॉट झाल्याच्या दिवशी चेसिस आणि इंजिन नंबर द्यावा, त्याशिवाय उरलेलं पेमेंट होणार नाही. बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर तेच डीलर कित्येकदा तेवढ्यात करून देतात, मग तिथूनच घ्या, काही बिघडत नाही.

आता रोख 'ऑन'. याबद्दल माझं मत पक्कं आहे, द्यायचा नाही. तो बिलात येत नाही म्हणून बँक त्यावर लोन देत नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी आयडीव्ही देते, आणि आयडीव्ही कंपनीच्या यादीतल्या किमतीवर निघतो, सहा महिन्यांपर्यंत त्यातून ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के वजा, तुम्ही टेबलाखालून दिलेल्या लाखाचा तिथे पत्ता नाही. रिटर्न टू इनव्हॉइस घेतलं तरी बिलावर जे आहे तेच मिळणार. डीलरने शब्द फिरवला तर पुरावा नाही, आणि पैसे शोरूमने घेतले का त्या सेल्सवाल्याने हेही कळत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला तर इन्कम टॅक्स कायद्यातच बंदी आहे. लवकर गाडी हवीच असेल तर एक व्हेरियंट वरचा घ्या, जादा पैशात निदान सनरूफ, एअरबॅग असं काहीतरी हातात येतं आणि ते बिलावर असतं. किंवा दोन-चार हजार किलोमीटर चाललेली कुणाची तरी गाडी जास्त देऊन घ्या, पण लोनचा बोजा उतरल्याचा कागद बघून, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या घेऊन आणि पैसे बँकेतूनच.

स्वतःची जुनी गाडी असेल तर टंचाईत तिलाही भाव येतो, एक्सचेंज बोनसच्या नादात ती पहिल्या आकड्याला डीलरला देऊन टाकू नका, बाहेर तीन ठिकाणी दाखवा.

मुहूर्ताचं पण बोलायला हवं. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी, या दिवशीच डिलिव्हरी पाहिजे असं एकदा तोंडातून गेलं की सगळा जोर समोरच्याच्या हातात जातो, कारण तारीख जवळ आली की तुम्ही काहीही मान्य करणार हे त्याला कळतं. मुहूर्तावर बुकिंग करा, किंवा आधी आलेली गाडी पासिंग करून ठेवा आणि पूजा पाडव्याला दारात करा. आईवडिलांना हे आधीच समजावून सांगितलेलं बरं.

अमेरिकेत असलेल्यांसाठी थोडं वेगळं आहे. तिथे स्टिकरवरची किंमत ही कंपनीने सुचवलेली असते, डीलर वर "मार्केट अॅडजस्टमेंट" म्हणून उघड पाच-दहा हजार डॉलर लावू शकतो आणि ते बिलावरच येतं. टोयोटाच्या सिएनासारख्या गाडीसाठी आपल्या लोकांनी हे भरपूर बघितलंय. तिथे सगळं धरून शेवटचा आकडा ईमेलवर मागायचा, दुसऱ्या राज्यातल्या डीलरलाही विचारायचं आणि तो आकडा आल्याशिवाय शोरूमला जायचंच नाही.

डीलर ऐकतच नसेल तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, कोटेशनचा फोटो जोडून, डीलरला कॉपी ठेवून. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. इन्शुरन्सच्या सक्तीची तक्रार आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार तिथे चालते, १० ते २० लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. गाडी हवी म्हणून हँडलिंगचे पैसे नाइलाजाने भरलेत तरी पावती ठेवा आणि नंतर तक्रार करा.

उरलेले पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन गाडी दिवसाउजेडी बघा, चेसिस नंबरवरून कुठल्या महिन्यात बनली ते बघा, ओडोमीटर बघा, दरवाज्यांच्या कडा आणि बंपरच्या रंगातला फरक बघा, कॅन्सल झालेली गाडी महिनोन्महिने उन्हात उभी असू शकते. पेमेंट शोरूमच्या खात्यावरच, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. गाडीचं, किटचं आणि इन्शुरन्सचं बिल वेगवेगळं मागून घ्या. आणि टीसीएसचे जे १५-२० हजार कापलेत ते तुमच्या पॅनवर जमा झालेत का ते इन्कम टॅक्सच्या साईटवरच्या तुमच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये (२६एएस) बघा, रिटर्न भरताना ते पूर्ण वळते होतात.