गोल्फ रिसॉर्टला जाताय? आधी खोली बुक करू नका

आमच्या वणी-पांढरकवड्याकडची मंडळी हौसेनं गोल्फ रिसॉर्टची सहल ठरवतात आणि सगळे एकाच ठिकाणी फसतात. आधी खोली, मग गाडी आणि खेळायची वेळ तिथं गेल्यावर. खोली मिळाली म्हणजे मैदान मिळालं, असं नसतं! टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, वेगळा घ्यावा लागतो.

ओळखीच्या एका जिनिंगवाल्या काकांनी दिवाळीनंतर पुण्याकडच्या एका रिसॉर्टच्या खोल्या सवलतीत घेतल्या. रातभर समृद्धीनं गाडी हाणून चौघं पहाटे पोचले. काउंटरवर कळलं, सकाळभर कंपनीची स्पर्धा आहे, पाहुण्यांना दुपारी दोननंतर जागा. काकांचा फोन आला, "बावा, पैसे तं पूर्ण घेतले ना यायनं, मंग खेळू काऊन देत नाही?" पैसे खोलीचे होते. चौघांना १८ होल, म्हणजे मैदानाची पूर्ण फेरी, खेळायला चार-साडेचार तास लागतात आणि तिकडे नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडला आणि शेवटचे होल राहूनच गेले. शिवाय रात्रभर जागलेल्या माणसाचा स्विंग काय लागणार?

मी ॲपच्या भरवशावर राहत नाही. थेट गोल्फच्या काउंटरला फोन लावते आणि विचारते: त्या दिवशी स्पर्धा आहे का? पाहुण्यांना कोणती वेळ देता? हँडिकॅप सर्टिफिकेट (खेळाची पातळी सांगणारा दाखला) लागतं का? ग्रीनचं (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचं) एअरेशन नुकतंच झालंय का? एअरेशन म्हणजे ग्रीनला भोकं पाडून वर वाळू पसरतात. त्यानंतर काही दिवस चेंडू सरळ घरंगळत नाही, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घेते, मग खोली बघते. आणि आदल्या दिवशी मुक्कामी पोचते, कितीही घाई असली तरी.

दुसरी चूक मला जास्त सलते. रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, चार दिवस चेंडू मारले की लगेच १८ होल खेळायला उतरायचं. मागे दर आठ-दहा मिनिटांनी नवा गट सुटत असतो आणि पुढे आपला नवखा झुडपात चेंडू शोधत बसलेला. २०१९ पासून नियमानं शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती. तीन मिनिटं झाली की सोडून द्या, चेंडू कितीही महाग असो. माझ्यासोबत नवखा असला तर मी नऊच होल घेते. पारच्या, म्हणजे त्या होलला ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, दुप्पट फटके झाले की, म्हणजे पार चारच्या होलला आठ, त्यानं चेंडू उचलायचा. मैदानावरच्या इतरांचाही तो सुटीचा दिवस असतो. घाई करणाऱ्याला हे शिकवायला मी कधीच कंटाळत नाही.

जीन्स आणि गोल गळ्याचा टी-शर्ट घरीच ठेवा, कॉलरचा न्या.

पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या. नागपूरहून विमानानं जाणार असाल तर ते चेक-इनमध्येच द्यावे लागतात. वजनाचं आधी विचारा.

पावसाळ्यात कार्ट (मैदानात फिरायची छोटी गाडी) बहुतेक वेळा फक्त तिच्यासाठीच्या रस्त्यावरूनच चालवू देतात, तेव्हा पायी चालायची तयारी ठेवा.

नव्या मैदानावर कॅडी, म्हणजे पिशवी उचलणारा तिथला मदतनीस, घ्याच. तिथला उतार त्याला जेवढा कळतो तेवढा मोबाइलला कळत नाही. त्याचे पैसे रोख ठेवा आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच किती ते ठरवून घ्या.